धुऱ्याच्या पलीकडची माती

बाबा रोज सकाळी मला वापसा विचारायचे. नांदगाव पेठेच्या रस्त्याकडे तोंड असलेलं आमचं घर, अमरावतीतला दुसरा मजला, आणि गॅलरीत खुर्ची टाकून बसलेले बाबा. काचबिंदूनं त्यांची नजर नेली होती. उजेड आणि सावली एवढंच काय ते उरलं होतं. मी चहाचा कप हातात दिला की विचारायचे, "पोरी, वापसा आला का?" म्हणजे पाऊस होऊन गेल्यावर वावर पेरणीजोगं झालं का, ना चिखल ना कोरडं. दुसऱ्या मजल्यावरून तेल्हाऱ्याकडचं वावर दिसायला मी काही घार नव्हे. "विचारते भावाले," असं म्हणून मी शाळेची पिशवी भरायला आत जायची.

भावाला विचारायची गरज नव्हती. त्या वावरात वापसा येणं बंद झालं होतं, आणि ते बाबांना सोडून साऱ्या गावाला ठाऊक होतं.

आमचं गाव खारपाणपट्ट्यातलं. वर काळीभोर माती आणि खाली खारं पाणी, असा हा पूर्णेच्या दोन्ही अंगांचा मुलूख. आमच्या गावच्या विहिरीच्या पाण्याला म्हशीसुद्धा नाक मुरडून तोंड लावायच्या. वरून पडेल त्या पाण्यावर पिकवायचं आणि खालच्या पाण्याला हात लावायचा नाही, हे तिथं कुणी कुणाला शिकवत नसे. कपाशी आली तर आली, नाहीतर पावसाळाभर वावर पडीक ठेवून ओलीवर हरभरा. आमच्या चार पिढ्या असंच खात आल्या आणि बऱ्यापैकी खात आल्या.

बाबांची एक रीत होती. पेरणीच्या आधी ते वावराच्या मधोमध जायचे, वाकायचे, चिमूटभर माती जिभेवर ठेवायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे. यंदा खार किती वर आला आहे, पेरायचं की थांबायचं, ते त्यावरून ठरायचं. मग तोंड बंद ठेवूनच धुऱ्यापर्यंत, म्हणजे दोन वावरांमधल्या बांधापर्यंत, चालत यायचे आणि तिथं थुंकायचे. वावरात कधी थुंकले नाहीत. "जिचं खातो तिच्याच अंगावर थुंकाचं का?" म्हणायचे. लहानपणी मीही चाखून पाहिली आहे. मला सगळी माती पाटीवरच्या पेन्सिलीसारखीच लागायची.

बोर घेतली ती माझ्या धाकट्या भावानं. तो वाईट नाही, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून तसं वाटेल. त्याची सासुरवाडी अचलपूरकडची. तिकडे संत्र्याच्या बागा, बारा महिने हिरवं, आणि दरवेळी बसमधून उतरून आपल्या करड्या वावराकडे पाहायचं म्हणजे त्याच्या जिवावर यायचं. एका उन्हाळ्यात मशीन आणलं. पाणी लागलं तेव्हा गावातल्या माणसांनी रिवाजाप्रमाणे ओंजळ पुढे केली, घोट घेतला, आणि एकेकानं तोंड वेडंवाकडं करत थुंकलं. बाबाही धुऱ्यावर जाऊन थुंकले. तेव्हा त्यांना थोडंफार दिसत होतं.

"खारं हाये, पन पऱ्हाटीले चालते," भाऊ म्हणाला. पऱ्हाटी म्हणजे आमच्याकडची कपाशी.

"नको पाजू हे पानी," बाबा म्हणाले. "आपन थुंकलो ना आत्ता? वावर कुठी थुंकन?"

बापलेकांत त्यावर जे झालं ते लिहिण्यासारखं नाही. पण खरी गोष्ट अशी की पहिल्या वर्षी भाऊ जिंकला. पऱ्हाटी खांद्याला लागली. बोंडं अशी लगडली की गावातली माणसं मुद्दाम वाट वाकडी करून बघायला यायची. त्याच वर्षी आई गेली, बाबांचे डोळे गेले, आणि मी त्यांना अमरावतीला घेऊन आले. त्यांनी शेवटचं पाहिलेलं वावर ते असं, खांद्याएवढं.

दुसऱ्या पावसाळ्यात पाणी वावरातच साचून राहिलं. जिरेच ना. शेजारच्या वावरात वखर चालायला लागले तरी आमच्याकडे तळं. मग ऊन पडलं आणि त्या चिखलाचा दगड झाला. ट्रॅक्टरच्या फाळाला ढेकळं निघायची ती फरशीएवढी. वरती पांढरी पापडी धरली. तिसऱ्या वर्षी भावानं बोर बंद केली, अकोल्याला जाऊन माती तपासून आणली, जिप्सम टाकला, खतासाठी ढैंचा पेरला. ढैंचा म्हणजे कुठेही फेकला तरी माजणारं झुडूप, तेसुद्धा टकलावरच्या केसांसारखं इथं एक तिथं एक उगवलं. अकोल्याच्या साहेबांनी सरळ सांगितलं होतं, जमीन सुधारेल, पण वर्षं लागतील आणि किती ते सांगता यायचं नाही.

मला या 'सुधारेल'चा संताप येतो. मी आठवीच्या वर्गाला शिकवते, निसर्ग चिवट असतो, तो स्वतःला सावरतो. शाळेच्या संडासाच्या भिंतीतून पिंपळ उगवला आहे, तो मी दरवर्षी पोरांना दाखवते आणि टाळ्या घेते. भिंत फोडतो, सिमेंट खातो, बघा, कसा आला! पण पिंपळ आला म्हणून वावर येतं का? निसर्गाला कसली घाई? तो हजार वर्षांनी सावरेल, तेव्हा तिथं हरभरा खायला कोण बसलं असेल? माझ्या बापाकडे हजार वर्षं नव्हती. डॉक्टरांच्या तोंडाकडे पाहिलं तर फार वर्षंही नव्हती.

आणि त्या बापाला आम्ही सांगितलंच नव्हतं. भाऊ फोनवर म्हणायचा, "मस्त हाये बाबा, चिंता नोका करू." मीही मान डोलवायची. हृदयाच्या गोळ्या सुरू होत्या. कशाला, असं वाटायचं.

गेल्या दिवाळीच्या आधी बाबांनी हट्ट धरला. हरभरा पेरायच्या आधी एकदा माती चाखायची. नेलं नाहीस तर एसटीनं एकटा जातो, म्हणाले. आंधळा माणूस काठी घेऊन खरंच स्टँडवर जाऊन बसला असता, मी त्यांना ओळखते. मी भावाला फोन केला. तो म्हणाला, "ताई, त्याइले शेजारच्या वावरात नेऊ."

शेजाऱ्यानं बोर कधी घेतली नव्हती. धुरा एकच, माती एकच, वाट एकच. धुऱ्याच्या या अंगाला उतरायच्या ऐवजी त्या अंगाला उतरायचं, बस. मी त्याला फोनवर नाही नाही ते बोलले. बापाला फसवतोस, लाज नाही, आईचं नावसुद्धा काढलं. तो ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, "मंग तूच सांग त्याइले. तू सांगशीन का?"

मी फोन ठेवून दिला. माझ्याच्यानं सांगवलं नसतं, हे त्याला माहीत होतं.

सकाळी निघालो. गाडी मी चालवत होते. बाबा धुतलेलं धोतर नेसून पुढच्या सीटवर, खिडकीची काच खाली करून. अकोट गेल्यावर म्हणाले, "आलं काय आपल्याकडचं? वास बदलला." मला वास बिस काही आला नाही. धूळ येत होती.

भाऊ गाडीवाटेच्या तोंडाशी उभा होता. आम्ही बाबांना दोन्हीकडून धरलं. डावीकडे आमचं वावर पसरलं होतं, पांढुरकं, गुळगुळीत, मधे एक दोन वाळकी झुडपं. उजवीकडे शेजाऱ्याची माती, भुसभुशीत, काळी, पेरायला तयार. धुऱ्यावर आल्यावर भावानं हळूच बाबांचा खांदा उजवीकडे वळवला. बाबा वळले. एवढंच झालं. पेल्यातलं पाणीही हिंदकळू नये इतकं सोपं झालं.

मातीत पाय रुतले तसे बाबा थांबले. चप्पल काढली. अनवाणी चालत मधोमध गेले, वाकले, चिमूट घेतली. डोळे मिटायची आता गरज नव्हती तरी मिटले. मी भावाकडे पाहत नव्हते आणि तो माझ्याकडे.

बाबा धुऱ्याकडे परत येईपर्यंत बोलले नाहीत. रीतसर थुंकले. मग हसले. आई गेल्यानंतर मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं.

"जित्ती हाये!" म्हणाले. "खार हाये थोडा, पन तो पयलेपासूनच." मग चाचपडत त्यांनी भावाचा दंड धरला. "पोरा, म्या तुले नाई नाई ते बोललो. म्या हरलो, तू जितला. एवढं पानी पाजलं तरी वावरानं पचवलं. आपल्याले वाटते जमीन कच्ची हाये. जमीन आपल्यापेक्षा चिवट हाये."

भाऊ रडायला लागला. हमसून, लहान पोरासारखा. बाबांना वाटलं, आनंदानं रडतो आहे. त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

माझं वाक्य होतं ते. आठवीच्या वर्गातलं. बापाच्या तोंडून ऐकताना मला जमिनीत जावंसं वाटलं.

वहिनीच्या हातचं पिठलं-भाकर खाऊन दुपारी परत निघालो. आता सगळं संपलं, एकदा झालं ते झालं, असं स्वतःला समजावत होते. अकोटपाशी बाबा म्हणाले, "दर्यापूरले थांबू. बाईकडे."

बाई म्हणजे माझी आत्या, बाबांची धाकटी बहीण. दर्यापूरजवळच्या गावात एकटी राहते. नवरा तरुणपणीच गेला. तेव्हापासून स्वतःचं वावर स्वतः करते आणि कुणाच्या बापाला भीत नाही. तिचं गावही खारपाणपट्ट्यातलंच. पुतणे कधीपासून बोर घे, बोर घे म्हणून मागे लागलेले, आणि आत्याचं उत्तर एकच, "माहा दादा नाई मनते." साऱ्या दुनियेशी भांडणारी ही बाई भावाचा शब्द मात्र खाली पडू देत नसे.

अंगणात बाजेवर टेकताच बाबांनी सुरुवात केली. "बाई, मी तुले रोखून धरलं ते चुकलं. आत्ता माती चाखून आलो. एवढे वरस खारं पानी पाजलं पोरानं, वावर जसंच्या तसं. घे बोर. मान मोडेपर्यंत कायले पावसाकडे पायतं?"

आत्या टाळी वाजवून हसली. "मंग सोमवारीच बोलावतो मशीन! पुतने नाचतीन." तिच्या गावात सगळ्या बाया 'करतो, जातो' असंच बोलतात. आमच्या गावच्या जुन्या बायाही तसंच. "दादा, तुकडाभर गहू पेरतो. तुमी या पोळ्या खाले."

मी तिथंच उभी होते. तिच्या घरामागे तिचं वावर दिसत होतं. पऱ्हाटी कमरेला, दोन-चार बोंडं उललेली. काही फार नव्हतं. पण उभं होतं.

ती चहा ठेवायला आत गेली तशी मी मागोमाग गेले. चुलीपाशी तिचा हात धरला आणि सगळं सांगितलं. बोर, पापडी, ढैंचा, धुऱ्याच्या त्या अंगाला उतरणं, सगळं. आत्यानं साखरेचा डबा खाली ठेवला. मला वाटलं, आता शिव्या देईल. तिनं दिल्या नाहीत.

"बरं झालं सांगतलं," म्हणाली. "मी काई बोर घेत नाई. पन दादा दर आठवड्याले फोन करन. बोर घेतली का, काहून नाई घेतली, मनून. मी त्याइले काय सांगू? आता मीई खोटं बोलू?"

"काईतरी सांग आत्या. मशीन भेटत नाई सांग."

"अन् मंग? तो साऱ्या गणगोताले सांगत सुटन. माहे दीर, तुह्या चुलत्याचे पोरं, सबन त्याचं आयकतात. कोनाकोनाच्या चुलीपाशी जाऊन सांगशीन तू?"

चहा उकळून वर आला आणि विस्तवावर सांडला. बाहेरून बाबांचा आवाज येत होता. आत्याच्या पुतण्याला, नुकत्याच आलेल्या, ते तेच सांगत होते. जमीन पचवते, पोरा. जमीन आपल्यापेक्षा चिवट हाये. पुतण्या 'हो मामा, हो मामा' करत होता.

मी बाहेर आले. बाजेशी खाली बसले. "बाबा," म्हटलं, "ते आपलं वावर नोयतं."

आधी त्यांना कळलंच नाही. मी पुन्हा सांगितलं. कुठल्या अंगाला उतरवलं ते सांगितलं. पाणी साचतं ते, पापडीचं, तीन वर्षांचं सांगितलं. सांगताना मी त्यांचा गुडघा धरून ठेवला होता. ते माझ्याकडे नाही, उजेड होता तिकडे पाहत होते. पुतण्या उठून गेला. आत्या दारात उभी राहिली.

"त्यानं सांगतलं तुले असं करा मनून?"

"दोघायनं ठरवलं."

त्यांनी काठी चाचपून हातात घेतली. म्हणाले, "गाडी वयव."

"बाबा, गोळ्या घ्याच्या हायेत, रस्ता लांब हाये, उद्या..."

"वयव."

परत तोच रस्ता. अकोट आलं तरी त्यांनी काच खाली केली नाही. मी भावाला वाटेतून फोन केला होता. पोचलो तेव्हा दिवस कलला होता आणि तो सकाळच्याच जागी उभा होता, हात धुवून आल्यासारखे पुढे धरलेले. बाबांनी त्याला हात लावू दिला नाही. मलाही नाही. काठी टेकत टेकत धुऱ्यावर गेले आणि या वेळी स्वतःच डावीकडे वळले.

पायाखाली माती कुरकुरली. ते ऐकून थबकले. काठी आपटली तर ठण्ण वाजलं. आणखी एकदा आपटली. मग चप्पल काढली, चालत मधोमध गेले, निदान त्यांच्या मनातलं मधोमध, आणि गुडघ्यांवर बसले. वाकले, पण चिमूट काही निघेना. बोटं नुसती घसरत होती. नखानं खरवडलं, खरवडत राहिले.

"बाबा, नोका," भाऊ धुऱ्यावरून म्हणाला. "लय खारट हाये. नोका जी."

बाबांनी बोटावरची पांढरी भुकटी जिभेवर ठेवली. डोळे मिटले. मी पुढे झाले, कारण आता ते उठतील, आणि उठताना कुणीतरी धरायला हवं. धुऱ्यापर्यंत यायचं, मग थुंकायचं. पाण्याची बाटली मी झाकण उघडून हातात तयार ठेवली होती.

बाबा उठले नाहीत. तिथंच बसून राहिले, तोंड बंद करून. मग त्यांच्या गळ्याची घाटी वर गेली आणि खाली आली. त्यांनी ती गिळली.